मागे न जाणारा ट्रॅक्टर

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. सोसायट्यांचे पाण्याचे पंप, जनरेटर, गवत कापायची यंत्रं मी दुरुस्त करते. बाईच्या हातात पाना बघून नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मेस्त्री कुठायत?" मी म्हणते, "समोर उभी आहे, दिसत नाही?" माझं डोकं लवकर फिरतं, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे. कामात पायात जाड बूट असतात आणि डाव्या बुटाच्या टोकाला चिंधी कोंबलेली असते, कारण त्या पायाची दोन बोटं मला नाहीत. रांगत होते तेव्हा वरवंटा पडला, असं आई सांगायची.

गाळ्याच्या मागच्या भिंतीपासून थोडा पुढे, ताडपत्रीखाली, एक छोटा ट्रॅक्टर होता. शेतातला नव्हे, बागेतला. माझ्या कमरेइतका उंच, पोटाखाली गवत कापायचं पातं. मुलुंडच्या एका कारखान्याच्या हिरवळीवर माझे बाबा तो वर्षानुवर्षं चालवत होते. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर आले, तेव्हा बाबांनी तो मागून घेतला आणि टेम्पोत घालून माझ्याकडे आणला. "ह्येका हात लावायचो नाय," एवढंच म्हणाले. मीही लावला नाही.

एकेकाळी "ह्यां माझां चेडू," ही माझी मुलगी, असं कौतुकानं सांगणारे बाबा गेली दोन वर्षं मला ओळखत नाहीत. त्यांना मी कारखान्याच्या ऑफिसातली कुणी साहेबीण वाटते. मला "म्याडम" म्हणतात, चहा दिला की उठून उभे राहतात. आपला बाप आपल्यासाठी उठून उभा राहतो, हे बघवत नाही. आई आता नाही आणि त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून रोज गाळ्यात घेऊन येते. एके दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं, आणि बाबा त्या ट्रॅक्टरकडे असे टक लावून बसले की मी तिथल्या तिथे ठरवलं, हा चालू करायचा. आवाज ऐकून ते परत येतील, एकदा तरी मला "बाय" म्हणून हाक मारतील. वेडेपणा होता, पण मला तेवढंच हवं होतं.

इंजिन उतरवून टेबलावर घेतलं. पिस्टन गंजून अडकला होता, तो डिझेलमध्ये भिजत ठेवला. दुपारी बाबा म्हणाले, "म्याडम, बंद करा. तापलां आसा."

"काय बंद करू बाबा? आत इंजिनच नाहीये."

त्यांनी माझा हात धरून बॉनेटवर ठेवला. पत्रा गरम होता. त्या भिंतीपर्यंत ऊन येत नाही. मी हात काढून घेतला आणि टेबलाकडे वळले. काय करणार होते दुसरं?

मग माझ्या लक्षात आलं की बाबा ट्रॅक्टरच्या मागून कधीच जात नाहीत. नळाकडे जायचं तरी पुढून वळसा घालतात. आणि जेवता जेवता मध्येच हात खाली, गुडघ्याच्या उंचीवर नेऊन, कुणालातरी बाजूला सारतात. "बाजूक हो, बाजूक हो," असं हळू, लाडानं म्हणतात. तिथे रिकामी फरशी असायची. शेजारच्या गाळ्यातला टर्नर पहिल्या दिवशी हसला. आठवड्यानं तोही पुढून वळसा घालून यायला लागला. मी त्याला चिडवलं, तरी वळसा घालतच राहिला.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा दिसलं, रिव्हर्सच्या खाचेत कुणीतरी लोखंडी पट्टी वेल्ड करून टाकली होती. दांडा तिकडे जाणारच नाही, अशी. मी शिवी घातली. जुन्या यंत्रात असले उद्योग करून ठेवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

टर्नर वाकून बघत म्हणाला, "साफ वेल्डिंग आहे गं. मुद्दाम लावलंय कोणीतरी. राहू दे ना."

"राहू दे काय? कंपनीतून जसा आला तसाच होणार. तू तुझं लेथ बघ."

ग्राइंडर लावून मी पट्टी उडवली. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मला कारखान्याची हिरवळ आठवली. आई डबा घेऊन जायची, मी तिच्याबरोबर. बाबा भिंतीशी आले की खाली उतरायचे आणि ट्रॅक्टर हातानं मागे ढकलायचे. बाकीचे माळी त्यांची थट्टा करायचे. आणि आई माझं मनगट दुखेपर्यंत घट्ट धरून ठेवायची. हे आठवूनही मी थांबले नाही.

सगळं परत बसवल्यावर एका सकाळी इंजिन सुरू झालं. दोरी तिसऱ्यांदा ओढली आणि त्यानं सूर धरला. बाबांनी डोळे मिटले, चेहरा सैल पडला. मला वाटलं, जमलं. पहिल्या गिअरमध्ये दारापर्यंत गेले. मग मोठ्या ऐटीत दांडा रिव्हर्सला टाकला.

ट्रॅक्टर हातभर मागे सरकला असेल. बाबा ओरडले. तसं ओरडणं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. "पाठी चेडू आसा! चेडू आसा पाठी!"

मी इंजिन बंद केलं. बाबा मागच्या चाकाशी गुडघ्यांवर पडले होते, फरशी चाचपत होते, पात्याखाली हात घालत होते. मी उडी मारून त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझा डावा पाय धरला. बूट ओढला, मोजा ओढला, चिंधी बाहेर पडली. त्यांनी बोटं मोजली. एक, दोन, तीन. पुढे मोजायला बोटच नव्हतं, तिथे त्यांचा अंगठा थांबला.

"बाय," ते म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघत होते. "दुखता?"

"नाही बाबा," मी म्हणाले, आणि ओक्साबोक्शी रडले. कोणता वरवंटा नि कसलं काय. आईबाबा दोघांनी मिळून केवढं माझ्यापासून लपवलं, याचा मला राग यायला हवा होता. नाही आला. तो ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून बाबांनी आणला असेल, असं मला वाटतं. त्यांना विचारून उपयोग नाही.

त्याच दुपारी मी पट्टी पुन्हा वेल्ड केली. त्यांच्याइतकी साफ नाही आली.

दुसऱ्या दिवशी चहा दिला तर बाबा उठून उभे राहिले. ट्रॅक्टरकडे बोट करून अदबीनं म्हणाले, "म्याडम, रिव्हर्स घालू नकात हां. पाठी माझां चेडू खेळता."