दसऱ्याचं कुंकू

वडील गेल्यावर त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आम्ही कल्याणच्या बंदुकांच्या दुकानात जमा केलं. टोकावड्याच्या घराला राखण हवी म्हणून धाकट्या भावाला ते स्वतःच्या नावावर करायचं होतं. अर्ज करण्याआधी त्याची किंमत आणि मजबुती तपासून घ्यायला आम्ही दोघं गेलो.

दुकानदाराने ते तळहातावर तोललं. "जुनं आहे, पण हलकं. सांगाडा ॲल्युमिनियमचा, पोलादाइतका सोसत नाही." मग नळीखाली सुकलेल्या कुंकवावर त्याने बोट ठेवलं. "हे पुसावं लागेल."

"नको," मी म्हणालो. गेल्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेत वडिलांनी अंगठ्याने लावलेलं ते कुंकू होतं. पुढच्या दसऱ्यापर्यंत ते पुसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा त्यात अजून दिसत होत्या.

"ऱ्हाऊ द्या ओ शेठ," भाऊ म्हणाला. "कागद झाले का शेतावर दोन बार काढून बघतो. चालतंय का नाय ते कळंल."

"मग डॉक्टरलाही शेतावर न्या," दुकानदार म्हणाला.

भाऊ हसला. मला हसू आलं नाही. घरातलं आणखी एक माणूस गमवायची माझी तयारी नव्हती. मी फडकं मागून घेतलं आणि कुंकू स्वतः पुसलं.

खाली केसाएवढी रेघ निघाली. दुकानदाराने भिंगातून पाहिलं. "तडा आहे. हे हातात फुटलं असतं. याची किंमत मी काही सांगत नाही."

भाऊ बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मी फडक्याची घडी करून खिशात ठेवली.