दुपारच्या जेवणाआधी संपलेलं बेट

सायकलींना तंबू बांधून उरणच्या डोंगराळ बेटावर चार दिवस भटकायचं, हा बेत ह्यांनी पावसाळाभर आखला. हे एका इंजिनियरच्या कचेरीत नकाशे काढतात, त्यामुळे बेतही तसाच रेखीव: पहिला मुक्काम कुठे, चढ किती, पाणी कुठल्या विहिरीचं. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन दीर, नणंद आणि आमचं नवं लग्न एवढं सगळं राहतं. पुरुष बाहेर झोपतात, बायका आत. 'चढ किती' यात मला मुळीच रस नव्हता. 'चार दिवस' यात होता.

"सुनेला सायकलीवर नेतोस? लोक काय म्हणतील?" सासूबाई म्हणाल्या.

"लोक म्हणेपर्यंत आम्ही पुढे गेलेले असू," मी म्हटलं. पुण्याला सायकलीवरून कॉलेजात जाणारी मुलगी सून करून आणली, की असली उत्तरं ऐकावी लागतात. मामंजींना हसू आवरेना, तेव्हाच परवानगी मिळाली असं आम्ही धरलं.

दिवाळी झाली आणि भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच धरली. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: सायकलीचं भाडं माणसाएवढंच घेतात, जागा मात्र कोंबड्यांच्या खुराड्यांत देतात. बायकांनी नऊवारीचा काष्टाच घालावा. पाचवारीचा घोळ साखळी खाते. एका खलाशाने माझ्या सायकलीची घंटी वाजवून विचारलं, "बाय, ही चालवनार कोन?"

"मी."

त्याने ह्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ह्यांच्या घरी सुतकच आहे.

लाँच मोरा बंदराला लागते; तिथून उरणपर्यंत खडीचा रस्ता चांगला आहे. उरणच्या बाजारात चहा-पाव मिळतो, केळी उत्तम. नागावच्या नारळी-पोफळींतून जाताना चाकं वाळूत रुततात. तिथे मुकाट्याने उतरावं, धीटपणा दाखवू नये. मी दाखवला, आणि कुंपणाच्या निवडुंगाने तो उतरवला. मग उलट फिरून, द्रोणागिरीचा डोंगर उजव्या हाताला ठेवून करंज्याला आलो. तिथे रस्ता सरळ होड्यांमध्ये शिरला. पुढे खाडी. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं.

"अहो," मी हळूच म्हटलं, "बेट संपलं."

ह्यांनी नकाशा वाळूवर पसरला, कोपऱ्यातली मोजपट्टी निरखली आणि कानापर्यंत लाल झाले. इंचाला एक मैल होता. ह्यांनी चार धरले होते.

"संध्याकाळच्या लाँचने परत जाऊ. कचेरीत कुणाला सांगू नकोस," हे म्हणाले.

मी नकाशाची घडी घालून टाकली. "जेवून तर निघू. सावलीपुरता तंबू ठोका."

तंबू उभा राहतो न राहतो, तोच डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण समोर येऊन ठाकली. नाव पारूबाई. "कं रं दादा, माजी सुकट वालाची जागा ही. हितं कापराचं घर बांधलाव?"

सुकट वाळवायच्या जागेवर आपण कापडाचं घर बांधलंय, एवढं कळताच हे घाईघाईने खुंट्या उपटायला लागले. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ऱ्हावा. पन कावले हाकलाचे."

कावळे हाकलायचं मी लगेच कबूल केलं. जेवण झालं, हे हात धुवायला विहिरीवर गेले, आणि मी ह्यांच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून अंबाड्यात खोचला. चाक फुस्स करून बसलं. पारूबाई सुकट पसरत होती. तिने पाहिलं आणि पुन्हा सुकटीकडे बघितलं.

परत येऊन ह्यांनी ट्यूब उतरवली, पाण्याच्या बादलीत बुडवली. हातभर ट्यूब, मग पुढची हातभर. व्हॉल्व्हच नाही, तर हवा कुठली नि बुडबुडा कुठला; पण घाईत तिकडे ह्यांचं लक्षच गेलं नाही. उन्हं उतरायला लागली. ह्यांचा चेहरा इतका रडवेला झाला, की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. मी तोंड उघडणार, एवढ्यात पारूबाईचा संयम सुटला. पदराने डोळे पुशीत ती खदखदून हसली.

"ट्यूबेन कं बगतंस, दादा? बायचे अंबाड्यान बग!"

ह्यांनी माझ्या केसांतून व्हॉल्व्ह काढला. तळहातावर उलटसुलट करून पाहिला.

"राहायचं होतं तर सांगायचं नाही का?"

"सांगायला घरी जागा कुठे असते?"

 हे व्हॉल्व्ह खिशात टाकून उठले आणि एक कावळा हाकलला.

उरलेले दिवस आम्ही तेच केलं. द्रोणागिरीवर अर्ध्या वाटेपर्यंत सायकली ढकलल्या; पुढे निव्वळ दगड आहेत, नेऊ नयेत. वरून मुंबई दिसते, आणि तिचा आवाज येत नाही. उतारावर माझे ब्रेक बरे होते, ह्यांचे नव्हते. ह्यांची आरोळी करंज्यापर्यंत पोचली, असं पारूबाई सांगते. तिने भाकरीबरोबर भाजलेले बोंबील दिले. लग्नानंतर प्रथमच ह्यांना एवढं बोलताना ऐकलं. नकाशे आवडतात, कचेरी आवडत नाही, लहानपणी बहुरूपी व्हायचं होतं. एका घरात राहून मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

बेट पाहायला कुणी जाणार असेल तर एक सकाळ पुरते. आम्हाला चार दिवस कमी पडले.

घरी आलो तेव्हा तंबू दवाने ओलाचिंब होता. "गच्चीवर उभा करून वाळवावा लागेल," हे म्हणाले.

"वारा असतो, धरायला दोघं लागतील," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्या काखेकडे पाहिलं. "तंबू वाळवायला उशा कशाला?"

आम्ही दोघं भिंतीकडे बघायला लागलो. मामंजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे गं त्यांना. ओलं कापड कुजतं."

कापड फार जाड होतं. वाळायला चांगला आठवडा लागला.