दुसऱ्या दिवसाचं रक्त

मैत्रिणींनो, सकाळपासूनची चीड अजून उतरली नाही, म्हणून इथं लिहितेय.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या आणि बजावलं, पाळीच्या दुसऱ्या दिवशीच रक्त द्या. आज दुसरा दिवस होता. सुट्टी टाकून, उपाशीपोटी गारखेड्यातल्या लॅबमध्ये जाऊन बसले.

सुई टोचायच्या आधी तिथल्या ताईंनी विचारलं, "या महिन्यात पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या का?"

घेतल्या होत्या. महालक्ष्म्यांसाठी, सलग दहा दिवस. सासूबाईंनी गंगापूरहून पाकीटच पाठवलं होतं. "सोवळ्यातला सैपाक तुलाच करायचाय. यंदा लेकरासाठी ओटी भरायची आपल्याला."

ताईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, मग सुई बाजूला ठेवली. "या वेळी रिपोर्टवर भरवसा ठेवता यायचा नाही. गोळी न घेता पुढची पाळी येऊ द्या, मग या."

बाहेर येऊन सासूबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय, मग पुढच्या महिन्यात दे की रक्त. पण तवा घट बसतेत. तुझी पाळी त्याच्यातच यायची, गोळी आणून ठेव."

नवऱ्याची तपासणी अजून एकदाही झालेली नाही. त्याला कुठली तिथी आडवी येते, देव जाणे.

तुमच्यापैकी कुणी घरात या गोळीला नाही म्हणालंय का? नेमकं काय बोललात, तेवढं सांगा.

कारण मी आजही फोनवर "हो आई" म्हणाले.