दिल्लीतला एक जण

बायको म्हणते, माझ्या पोटात काही राहत नाही. खरं आहे. ऑफिसातल्या बदल्या, शेजारच्या क्वार्टरमधली भांडणं, माझी स्वतःची वाढलेली साखर — सगळं संध्याकाळच्या चहापर्यंत बाहेर आलेलं असतं. एकच गोष्ट राहिली. चार वर्षं राहिली आहे. ती फार मोठी आहे म्हणून नव्हे. उलट इतकी लहान आहे की सांगून झाल्यावर तुम्ही कदाचित म्हणाल — एवढंच?

एवढंच. पण ते कुठून सुरू करावं हे मला अजून ठरवता येत नाही. इथल्या मराठी मंडळापासून करतो. तिथे निदान हसता येतं.

दिल्लीत आलेला मराठी सरकारी नोकर पाच-सहा वर्षांत कशाचा तरी जाणकार होतो. कुणी किल्ल्यांचा, कुणी मोदकांचा. मी गाण्यांचा झालो. शास्त्र मला येत नाही. मैफलीत राग ओळखायची वेळ आली की मी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. पण ऐकतो पुष्कळ, आणि सगळं ऐकतो. आमच्या मंडळाची एक स्मरणिका जानेवारीच्या स्नेहसंमेलनात निघते. तिच्यात माझं एक पान असतं — ‘वर्षाचे दहा’. त्या वर्षात आलेले मला आवडलेले दहा अल्बम, प्रत्येकावर चार ओळी. हे पान मी मंचावरून वाचूनही दाखवतो. त्याआधी दीपप्रज्वलन होतं (हीटरचा ब्लोअर बंद केल्याशिवाय समई पेटणार नाही हे दरवर्षी चौथ्या काडीनंतर कुणाला तरी सुचतं), मग शाली, मग नारळ, मग ‘मी फार वेळ घेणार नाही’ या वाक्याने सुरू होणारं अध्यक्षांचं भाषण. मी मागच्या रांगेत बसून या सगळ्याला हसत आलो आहे. मागच्या रांगेत बसून हसणारा माणूस हळूहळू स्वतःला धीट समजायला लागतो — हे मला उशिरा कळलं.

एक गोष्ट मात्र मी चोख करत असे. न ऐकलेल्या अल्बमवर कधी एक ओळ लिहिली नव्हती. नव्हती — भूतकाळ लक्षात घ्या.

आता विलास. विलास मेश्राम, मूळचा भंडाऱ्याचा, माझ्याच खात्यात. आम्ही दोघंही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. आमचं कार्यालय मानेसरच्या बाजूला हलवलं तेव्हापासून खात्याची बस आम्हाला सकाळी घेऊन जाते आणि संध्याकाळी आणून सोडते. ड्रायव्हरच्या मागून तिसरं बाक. खिडकी माझी, कडेची जागा त्याची. हे कुणी ठरवलं नाही, पण नऊ वर्षांत बदललेलंही नाही. गुरुग्रामच्या उड्डाणपुलाखाली बस अडकली की कारखान्यांच्या बसगाड्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहतात, आणि अर्धा तास कुणी कुठे जाऊ शकत नाही. विलास पेन्सिलीने सुडोकू सोडवतो. मी कानात गाणी घालून बसतो. तो मला कानसेन म्हणतो.

त्याची मुलगी उत्पला. ती सात वर्षांची होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. तेराव्या वर्षी ती माझं पान स्मरणिकेतून कापून ठेवायची आणि त्यातला एकेक अल्बम शोधून ऐकायची. फोन यायचा — ‘काका, सातवा मिळतच नाहीये.’ तुम्ही लिहिलेलं कुणी असं वाचलं आहे का कधी? माझं तिच्याशिवाय कुणी वाचलेलं नाही. पुढे ती गुरुग्रामला एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली, आणि चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तिने स्वतःचा अल्बम काढला. ‘तेंदू’.

तिची आजी विड्या वळायची. त्या कामावर बसलेल्या बायका जी गाणी म्हणतात, त्यातली आठ उत्पलाने आजीकडून उतरवून घेतली होती. ताल कशाचा, तर तेंदूची पानं कापायच्या कात्रीचा. आजीचीच कात्री, आणि चालवणारीही आजीच. सोबत एक बेस गिटार, आणि उत्पलाचा आवाज — बस. भर जूनमध्ये, पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून पंखा, एसी सगळं बंद करून तिने ते भाड्याच्या खोलीत रेकॉर्ड केलं होतं. शेवटच्या गाण्याच्या शेवटी आजी खोकते. तो खोकला तिने तसाच ठेवला.

मी तो अल्बम आला त्याच दिवशी ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कमध्ये चालताना पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या वर्षी मी जे जे ऐकलं त्यात त्याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं, आणि हे मी ओळखीची मुलगी म्हणून सांगत नाही. ओळखीचं नसतं तर किती सोपं झालं असतं.

मग अडलं कुठे? चौथ्या गाण्यात.

त्यात आजी गावातली घरं मोजते. तहान लागली तर कुठल्या घरी पाणी मिळायचं, कसं मिळायचं. राग नाही, रडणं नाही. कुणाला रस्ता सांगावा तसं सांगते. पहिल्या घरी थांबायला लावतात. दुसऱ्या घरी इतक्या उंचावरून ओततात की ओंजळीत कमी आणि पदरावर जास्त. तिसऱ्या घरी पाणी भरपूर देतात, पण देताना तोंड फिरवून देतात. प्रत्येक घराचं आडनाव गाण्यात आहे. तिसऱ्या घराचं आडनाव माझं आहे.

आमचं घराणं नव्हे ते. आम्ही साताऱ्याकडचे, भंडाऱ्याशी संबंध नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलोसुद्धा. वाटलं, विलासला सांगू, तोही हसेल. सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये वहीत यादी केली. पहिल्या क्रमांकावर ‘तेंदू’. खाली चार ओळी लिहिल्या, आणि त्या मी आजवर लिहिलेल्यांत बऱ्या होत्या. मग कॉम्प्युटरवर टाइप करायला बसलो आणि ते सभागृह डोळ्यांसमोर आलं. पहिल्या क्रमांकाच्या अल्बममधलं एखादं गाणं वाजवून दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. दुसऱ्या घराचं आडनाव आमच्या अध्यक्षांचं. मला कुणी काही म्हटलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो — कुणीही नाही. अध्यक्षांनी फोन केला नाही, संपादकांनी ‘जरा सांभाळून’ म्हटलं नाही. कदाचित सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. मी त्यांना तशी संधीच दिली नाही. दुसरा क्रमांक वर घेतला, सगळे एकेक पायरी चढवले, आणि खाली दहावी जागा रिकामी राहिली.

तिथे मी एका परदेशी पियानोवाल्याचा अल्बम घातला. तो मी ऐकला नव्हता. त्याच्याबद्दल कुठेतरी वाचलं होतं. ‘शांततेलाही आकार असतो, हे इथे उमगतं’ असं मी लिहिलं. ते वाक्य अध्यक्षांना इतकं आवडलं की भाषणात त्यांनी ते दोनदा म्हटलं.

आणि यादी छापायला दिली त्याच आठवड्यात, उड्डाणपुलाखाली, विलासने सुडोकूतून मान वर न काढता विचारलं, ‘उत्पलाचं ऐकलं का रे?’

आता बघा, दोन वाटा होत्या. ऐकलं म्हणालो असतो तर ‘कसं वाटलं’ आलंच असतं. चांगलं म्हटलं तर मग यादीत का नाही? वाईट म्हणायला माझी जीभ उचलली नसती — तेवढा मी बरा माणूस आहे, असं तेव्हा मला वाटलं. म्हणून मी म्हणालो, ‘नाही रे. राहूनच गेलं. निवांत ऐकायचंय.’

‘आराम से,’ तो म्हणाला. ‘काही घाई नाही.’

संमेलनाला उत्पला आली होती. कार्यक्रमानंतर भेटली, म्हणाली, ‘काका, तो दहावा कुठे शोधलात? ऐकते आता.’ आणि तिने खरंच ऐकला. चार दिवसांनी मेसेज आला — पियानोवाल्याचा श्वास मध्ये मध्ये ऐकू येतो, तुम्हाला तेच आवडलं ना? मी लिहिलं, ‘अगदी तेच.’

स्वतःच्या अल्बमबद्दल तिने एक शब्द काढला नाही. विलासने मात्र एकदा पेनड्राइव्ह आणून दिला. मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपला तशी जागाच नाही. तो पेनड्राइव्ह खिशात परत ठेवताना त्याने टोपण नीट बसलंय का ते दोनदा पाहिलं.

खोटं एकदा बोलून भागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण हे खोटं वेगळं होतं. हे रोज सांभाळावं लागत होतं. कारण मी अल्बम ऐकणं थांबवलं नव्हतं. रोज सकाळी पार्कात, पहिल्या गाण्यापासून खोकल्यापर्यंत. बसमध्ये फोन उलटा ठेवायचो. एकदा इअरफोनची तार निघाली आणि कात्रीचे दोन ठोके बाहेर ऐकू आले. विलासने पेन्सिल थांबवली. मी म्हणालो, जाहिरात. ज्याला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटत होतं त्याच्या खांद्याला खांदा लावून मी रोज दोन-अडीच तास बसत होतो, आणि उठून जायला जागा नव्हती.

मार्चच्या सुमारास त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. ‘ते गाण्यांचं ॲप गाणाऱ्याला दाखवते म्हणे, कोणत्या शहरात किती लोक ऐकतात. गुरुग्रामचे चार आहेत, ते तिच्याच ऑफिसातले. पण दिल्लीत एक आहे बघ. रोज. सुट्टी नाही त्याला.’

मी खिडकीच्या काचेवरचा डाग पाहत होतो.

‘पोरगी म्हणे, बाबा, तुम्हीच असाल. मी म्हटलं, माझ्या फोनमध्ये ते ॲपच नाही. मग म्हणते कशी, कोणी का असेना, त्या एकासाठी दुसरा अल्बम करते.’ तो हसला. ‘कोण असंन रे? तू तर नाहीस ना, कानसेन?’

गंमत होती ती. त्याने गमतीनेच विचारलं. एक शब्द पुरला असता — आणि तो शब्द त्याने जवळजवळ माझ्या तोंडातच ठेवला होता. नाही का?

‘मी कुठला,’ म्हणालो.

इथे थांबलो असतो तर मी फक्त भित्रा ठरलो असतो. पण मला भीती वाटली. ॲप आणखी काय काय दाखवत असेल? आज शहर, उद्या सेक्टर, परवा नाव? कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, आणि विचारायचं तर उत्पलालाच विचारावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्कात गेलो आणि काहीही न ऐकता चाललो. तिसऱ्या दिवशीही. सवय मोडायला फार दिवस लागले नाहीत, याचं मला तेव्हा जरा कौतुकच वाटलं.

दोन-तीन आठवड्यांनी विलास म्हणाला, ‘तो एक पण गेला म्हणे.’

एवढंच म्हणाला. सुडोकूचा एक आकडा खोडला, दुसरा लिहिला. त्यानंतर बसमध्ये अल्बमचा विषय निघाला नाही. उन्हाळ्यात कळलं की उत्पलाने माइक मैत्रिणीला देऊन टाकला. मग तिची बदली बंगळुरूला झाली. तिथे चांगलं चाललंय, विलास सांगतो. गात नाही का, असं मी विचारत नाही. मला कशाला चौकशी? मी तर काही ऐकलेलं नाही.

‘वर्षाचे दहा’ दरवर्षी निघतं. आता मी बहुतेक अल्बम पुरते ऐकत नाही. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ज्या एकीच्या आलं असतं ती आता वाचत नाही.

गेल्या महिन्यात मी इतक्या वर्षांनी ते ॲप उघडून ‘तेंदू’ शोधला. आठही नावं राखाडी झालेली. बोट दाबलं तर काही होत नाही. तिने काढून घेतला होता. म्हणजे आता मी खरंच ऐकू शकत नाही, आणि तो पेनड्राइव्ह मागायचा तर कुठल्या तोंडाने? जे ऐकायची चार वर्षं इच्छा दाखवली नाही, ते आता कशाला हवं?

परवा बस पुन्हा उड्डाणपुलाखाली अडकली होती. विलासने विचारलं, या वर्षीची यादी झाली का. चालू आहे, म्हटलं. त्याने पेन्सिल कानावर खोचली. थोडा वेळ शेजारच्या बसमध्ये झोपलेल्या माणसांकडे बघत बसला.

‘एक सांगू?’ म्हणाला. ‘तू उत्पलाचं ऐकलं नाहीस, ते बरंच झालं. ऐकलं असतंस तर माझ्यासाठी तुला उगाच चांगलं म्हणावं लागलं असतं. तुझं ते पान तरी खरं राहिलं.’

त्याने हे मनापासून म्हटलं. मला मोकळं करायला म्हटलं.

मी ‘हं’ म्हणालो. आणि बस सुटेपर्यंत तोंड खिडकीकडे फिरवून बसलो.