संस्थानचा खोटा वकील

मामलेदाराचा खोकला, हेडमास्तरांचं नाक ओढणं, बँडवाल्याचं बिगुल, काय हवं ते माझ्या गळ्यातून निघायचं. शहाद्यात लोक मुद्दाम बोलावून नकला करायला लावायचे आणि मी फुशारून जायचो.

बेचाळीस साली तापीकाठच्या एका गावानं चावडीवर झेंडा लावला आणि आपण स्वतंत्र राज्य झालो म्हणून दवंडी पिटली. राज्याचे प्रमुख एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणायचे. माझा वर्गमित्र त्याच गावचा. तो हसतहसत सांगत आला, "आबा हट्टले पेटनात! म्हनतस, आपलंच आपण बोलीसन काय व्हस? दुसरा कोनता तरी राजानी हो म्हनाले पाहिजे."

आमच्याकडे भाऊ वेगळे निघाले, की नुसती चूल मांडून भागत नाही. परगावचा पाहुणा त्या चुलीवरचं जेवला, म्हणजे भाऊबंद ते घर वेगळं मानतात. आबांनी राज्यालाही तोच कायदा लावला होता.

"मग मी जेवतो की!" मी म्हणालो.

मामाचा जरीचा फेटा, टांगेवाल्याची घोडी आणि लाखेचा ठसा मारलेला कागद घेऊन मी पलीकडच्या संस्थानचा वकील, म्हणजे राजाचा दूत, बनून गेलो. घोगऱ्या दरबारी आवाजात वाचलं, "महाराज आपल्या राज्यास मान्यता देत आहेत." मित्र मागे तोंडात उपरणं कोंबून उभा. आबांनी तो कागद घेऊन कपाळाला लावला. त्यांनी लगेच भाजायचं मातीचं खापर चुलीवर चढवायला लावलं आणि पुरणाचे मांडे स्वतःच्या हातानं वाढले. मी सात खाल्ले. वर आठवा मागितला.

खरं तर फौजदार आला की झेंडा उतरवायचा, असं गावानं आधीच ठरवलं होतं. आता आबा उतरवू देईनात. उलट त्यांनी मामलेदाराला कळवलं, "आमना राज्यले मान्यता शे. येवानं व्हई त पहिले पत्र धाडा."

चार दिवसांत त्यांना दोर बांधून शहाद्याच्या कचेरीत आणलं. मी गर्दीत उभा होतो. फौजदारानं माझा कागद त्यांच्या तोंडासमोर नाचवला. "हा कोणी आणला? बोल!"

आबांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. ओळखलं त्यांनी. मग मान वळवली. "मन्हा घर जेवेल पाव्हना शे. त्यानं नाव मी सांगाव नही."

फौजदारानं कानाखाली मारली. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा मारली. ज्या गळ्यातून वाटेल ते निघायचं, त्यातून साधं "मी" निघालं नाही.

दीड वर्षानं ते सुटून आले. सगळं सांगून टाकायचं, म्हणून मी त्यांच्या कपाशीच्या शेतात गेलो. वाटेत वाक्यं घोकली होती. मला बघून ते काठी टेकत उठून उभे राहिले. एका कानानं ऐकू येईना, म्हणून दुसरा पुढे केला.

"वकीलसाहेब, बिगर फेटाना ऊनात? राजा नाराज त नही ना? झेंडा मन्हा हातमाईन गया."

मी तोंड उघडलं आणि तोच घोगरा दरबारी आवाज बाहेर पडला. "नाही आबा. महाराज नाराज नाहीत."

त्यांनी डोळे पुसले, घरी जेवायला चला म्हणाले. काम आहे सांगून मी निघालो. बांधापर्यंत छाती काढून, ताठ चालत गेलो, कारण ते बघत होते.