पोस्ट थ्रीचं घड्याळ

निवृत्तीआधीची माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका डोंगररांगेवर होती. मी हवालदार. काम, शत्रूची तोफ कुठे आहे ते आवाजावरून शोधणं. रांगेवर दूरदूर तीन पोस्ट होत्या. प्रत्येकीत मायक्रोफोन आणि एक कॉम्प्युटर. तिन्ही कॉम्प्युटर केबलने जोडलेले. तोफेचा आवाज तिन्ही ठिकाणी थोड्या वेगळ्या वेळी पोचतो. त्या फरकावरून तोफेची जागा निघते.

त्यासाठी तिन्ही घड्याळं तंतोतंत एक हवीत. माझं गाव हसनाबाद. तिकडे ‘हा काय, आलोच’ म्हणणारा माणूस दिवस मावळायला येतो. अशा गावच्या माणसाच्या हाती फौजेने सेकंदाचा हजारावा भाग दिला होता! पोस्ट वनचं, म्हणजे माझं घड्याळ मुख्य. तिथून दर सेकंदाला केबलवर विजेच्या ठोक्यासारखी एक पल्स जायची आणि बाकीची दोन घड्याळं तिच्याशी जुळायची.

पोस्ट थ्रीवर नायक भागवत होता, वडीगोद्रीचा. घरी थोडी शेती, थोडी मेंढरं. बोलायला कमी, हाताला नेमका. ड्यूटीत मला साहेब म्हणायचा, एरवी दादा. रोज सकाळी सहाला फोनवर टाइम चेक व्हायचा आणि मग घरच्या ठेच्याचा विषय निघायचा.

त्या दिवशी पोस्ट थ्रीचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवा बसवला. त्यात इंटरप्टचा क्रम लावायचा होता. इंटरप्ट म्हणजे ‘हातातलं काम ठेव, आधी माझं बघ’ असा कॉम्प्युटरला मिळणारा इशारा. दोन इशारे एकदम आले तर आधी कोणाचं ऐकायचं, ते आपण ठरवून द्यायचं असतं. 1125 वाजता भागवतचा फोन आला.

“दादा, टाइमची पल्स एक नंबरला ठेवू ना? जुन्यात तसंच व्हतं.”

“आवाज एक नंबरला. पल्स दोनला.”

“लई आवाज आले तं पल्सला वाट भेटायची न्हाई.”

“भागवत, शत्रू आधी, घड्याळ नंतर. ऑर्डर आहे.”

“राइट, साहेब.”

वीस वर्षं मी हेच शिकलो होतो, शत्रू आधी. तेच मी कॉम्प्युटरला शिकवायला गेलो. आमच्या तोफेचा एक गोळा उडवून चाचणी घेतली. जागा अचूक निघाली. मी सही केली आणि जेवायला बसलो.

1540 ला शेलिंग सुरू झालं. एकामागून एक गोळे, उसंत नाही. आम्ही जागा काढून बॅटरीला, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीला दिली. आमच्या तोफांनी फायर केलं, तरी समोरून गोळे येतच राहिले. पुन्हा जागा काढली, पुन्हा फायर. ऑब्झर्व्हेशन पोस्टने कळवलं, आपले गोळे रिकाम्या उतारावर पडताहेत. स्क्रीनवर पाहिलं तर पोस्ट थ्रीची वेळ मागे पडत होती. मी फोन उचलला.

“पोस्ट थ्री, तुझं घड्याळ सरकलंय.”

“दिसून राह्यलं, साहेब. आवाज थांबंना, पल्स अडकून पडली. क्रम बदलून रिस्टार्ट करतो.”

त्याचा कॉम्प्युटर वरच्या बाजूला, दगडी आडोशात होता. बंकर वीस पावलं खाली.

“आधी बंकरमध्ये जा.”

“मंग तोफ कोन बंद करील? दोन मिनटं.”

मी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली नाही. का दिली नाही, ते मला सांगता येत नाही, असं मी पुष्कळ जणांना सांगितलं आहे. खरं म्हणजे येतं. मला त्या तोफेची जागा हवी होती.

1556. “क्लॉक लॉक, दादा. आता बराबर.”

पुढच्याच आवाजावर जागा निघाली, आधीच्या जागेच्या नऊशे मीटर डावीकडे. बॅटरीने फायर केलं. शत्रूची तोफ गप्प झाली.

“पोस्ट थ्री, रिपोर्ट.” उत्तर आलं नाही. ज्याच्या आवाजावरून आम्हाला जागा मिळाली, तोच गोळा भागवतच्या आडोशावर पडला होता.

चौकशीत मला विचारलं तेवढंच मी सांगितलं. अहवालात आलं, ‘पोस्ट थ्रीच्या सेटिंगमध्ये त्रुटी.’ नाव कोणाचंच नव्हतं. वाटलं, सुटलो. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

निवृत्तीनंतर मी जालन्यात मस्तगडला राहायला आलो. वडीगोद्री काही लांब नाही, तरी तिथे जायला मला दोन वर्षं लागली. भागवतचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला. मग म्हणाले, “हवालदार, एक इचारू? पोस्ट थ्रीवर तं आमचाच व्हता. लोक म्हन्तेत, त्याच्याच हातून घोळ झाला अन् त्यातच गेला. खरं हे का?”

“न्हाई, मामा. त्यानं बराबर सांगितल्तं. मी ऐकलं न्हाई.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

“मंग मला एकट्याला सांगून काय उपेग? नाव तं त्याचं गावात खराब झालं.”

त्यांनी चप्पल घातली आणि माझ्यापुढे चालू लागले. हायवेवरच्या दुकानांसमोर पंधरा-वीस माणसं होती. मी सावधान उभा राहिलो. माझं नाव सांगितलं, रँक सांगितली, माझी ऑर्डर शब्द न शब्द सांगितली. म्हणालो, नायक भागवत बरोबर होता. चूक माझी होती, ती दुरुस्त करताना तो गेला.

भागवतच्या वडिलांनी गर्दीवरून एकदा नजर फिरवली.

“पुन्यांदा सांगा,” ते म्हणाले. “मागच्याईला ऐकू गेलं न्हाई.”

मी पुन्हा सांगितलं.