अठरा दिवसांचं पाणी

आमच्या विहिरीपलीकडे खडकाळ जमिनीचा एक तुकडा होता. तिथे काही उगवणार नाही, असं सगळ्यांनी बाबांना सांगून झालं होतं. आई-बाबांनी पहारीने दगड फोडून तिथे दोनशे खड्डे केले आणि पेरूची रोपं लावली. तेव्हा मी आठ वर्षांची होते, ताई अकराची.

रोपं जेमतेम माझ्या गुडघ्याला लागली आणि ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली. दुरुस्तीवाला ती उचलून घेऊन गेला, "दोन दिवसांत आणतो" म्हणाला आणि अठरा दिवस फिरकलाच नाही.

दुसऱ्याच सकाळी बाबांनी एका बांबूच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे डबे बांधले. आई विहिरीतून पाणी शेंदायची, बाबा खांद्यावरून वाहून न्यायचे, ताई आणि मी मगाने रोपांना घालायचो.

"एकेकाला दोनच मग," आईने बजावलं. "लाड करायचे नाहीत."

ताईचं एक रोप लाडकं होतं. आईची पाठ वळली की ती त्याला आणखी सहा-सात मग पाजायची. सगळ्यांत आधी तेच कुजलं. ताईने भोकाड पसरलं, तेव्हा बाबा म्हणाले, "तू काय करणार गं? त्यालाच पोहता येत नव्हतं." रडता रडता ताईला हसू फुटलं.

आम्हाला तो सगळा खेळच वाटायचा. बाबा डबे घेऊन मुद्दाम डुलत चालायचे. आई दोर ओढता ओढता पाढे म्हणायला लावायची. मी सातच्या पाढ्यात अडखळले की दोरही थांबायचा. बाबांच्या खांद्याची सालटी निघाली होती, आईच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मला ते दिसत होतं, पण दुखत असेल असं मनातही आलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मोटर आली. अकरा रोपं गेली, बाकीची जगली. त्याच पेरूंवर आम्ही दोघी शिकलो. ताई नर्स झाली, मी शिक्षिका.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. ओसरीवर बसलो असताना बाबा सहज बोलून गेले, "दहाव्या दिवशी मी विहिरीमागे जाऊन रडलो होतो. म्हटलं, मरू दे ती रोपं. तुझी आई आली नि म्हणाली, 'एवढी एक ओळ करू, मग सोडू.' ती झाली की पुन्हा तेच. आठ दिवस फसवलं बाईने मला!"

"मग काय करणार?" शेंगा सोलत आई म्हणाली. "पोरी बघत होत्या."

मी आईजवळ सरकले. "आई, तुम्ही दोघांनी आमच्यासाठी..."

"पाणी प्यायलं झाडांनी," आई म्हणाली, "आणि आभार तू मानतेस?"

हसले मी, पण तिचा हात धरून ठेवला. एरवी तिने तो सोडवून घेतला असता. त्या दिवशी मात्र शेंगा तशाच राहिल्या.

संध्याकाळची बस मी जाऊ दिली. सकाळी बाबांनी फांद्या छाटल्या, मी त्या ओढून बांधावर टाकत गेले. तासाभरात माझी कंबर धरली. आई बघत उभी होती.

"बाईंना खडूच बरा," ती म्हणाली आणि माझ्या हातातली फांदी तिने ओढून घेतली.